वरचे खाली, खालचे वर

13 मे 2024, पुण्यात लोकसभेच्या मतदानाचा दिवस. सकाळी साडेसातला शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यातून काकू उतरत होती. म्हणजे उतरवली जात होती. हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसलेली, पुढे कलंडू नये म्हणून जुन्या लुगड्याचं धडपं कमरेभोवती घेऊन खुर्चीला आवळलेलं, आणि खुर्चीचे चार पाय चार मुलांच्या हातात. मी त्यांच्यापुढे उलटा उतरत "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. ते कुणालाच नको होतं.

"अरे, तू आधी बाजूला हो. तूच पडशील," काकू म्हणाली.

एका मजल्याला 17 पायऱ्या, असे तीन मजले, आणि खाली दाराशी आणखी दोन. एकूण 53. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय कठड्याच्या गजांत अडकला. ती मोकळी करताना काकूचा खांदा भिंतीला घासला आणि निळ्या साडीवर चुन्याचा वीतभर पांढरा पट्टा उमटला. तो झटकायला तिने हातसुद्धा उचलला नाही. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तशीच ती मतदानाला गेली, खांद्यावर चुना घेऊन. पायात नव्या चपला होत्या. गेली दोन वर्षं ती खाली उतरलीच नव्हती, त्यामुळे त्या खोक्यातच होत्या.

त्या वर्षी पंच्याऐंशी पूर्ण केलेल्यांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. काकूला बेचाळीसचा जन्म नडला. मतदान केंद्रावर, म्हणजे जवळच्या शाळेत, व्हीलचेअर होती, रॅम्प होता, हात धरायला स्वयंसेवक होते. सगळं काही नीट होतं. फक्त ती सोय शाळेच्या फाटकापासून सुरू होत होती, आणि काकूची अडचण तिच्या स्वयंपाकघरापासून.

खुर्ची उचलणारी मुलं आमच्या इमारतीतलीच. तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. त्यातला एक नांदेडचा. काकूने परतताना त्याला विचारलं, "तू नाही का रे दिलंस मत?" त्याने डावं बोट दाखवलं. शाईचा डाग नखाबरोबर वर सरकला होता. "आमचं 26 एप्रिललाच झालं ना, काकू. गावाकडं जाऊन आलो."

खुर्ची परत 53 पायऱ्या चढली. मुलं घामाने निथळत होती. काकूने त्यांना लिंबाचं सरबत दिलं, आणि मी सरबत पिता पिता मनाशी हिशेब केला. हिशेब हा माझा धंदाच आहे. या इमारतीतले सगळ्यांत धडधाकट आठ पाय तळमजल्यावर राहतात आणि सगळ्यांत दुखरे दोन पाय तिसऱ्या मजल्यावर. हे असं कुणी ठरवलं?

*

कुणीच ठरवलं नव्हतं. इथे आधी वाडा होता. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून नदी पेठांत शिरली, तेव्हा वाड्याची मागची भिंत बसली. त्यानंतर टेकू लावून लावून तो बारा-तेरा वर्षं उभा राहिला आणि 1974 साली त्या जागी ही इमारत आली. तळमजला अधिक तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. तेव्हा लिफ्ट ही मुंबईची गोष्ट वाटायची. आमच्या आजोबांना दुसरा मजला मिळाला, काकांनी तिसरा घेतला. तिसरा का, तर वारा येतो आणि गॅलरीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो. काकू तेव्हा बत्तीस वर्षांची होती. बत्तिसाव्या वर्षी जिना कुणी मोजत नाही.

वाड्याचा जिना मला आठवत नाही, पण त्याच्या गोष्टी पाठ आहेत. अंधारा, भिंतीतून चढणारा, टीचभर रुंद आणि हातभर उंच पायऱ्यांचा, वरून एक जाड दोर लोंबकळत सोडलेला. तो दोर धरून चढायचं. अतिशय गैरसोयीचा जिना, वाड्याच्या आठवणींनी गहिवरणारे लोक त्याबद्दल कधी बोलत नाहीत. शौचकूप अंगणाच्या टोकाला, रात्री कंदील घेऊन जायचं, तेही कुणी बोलत नाही. पण त्या वाड्यात एक रीत होती. नवं लग्न झालेलं जोडपं माडीवर. मुलं झाली, पसारा वाढला की मधल्या खोल्यांत. गुडघे बोलायला लागले की खाली माजघराच्या शेजारी. आणि अगदी शेवटी ओसरीवर खाट, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत. आमच्या पणजीने त्या ओसरीवर अकरा वर्षं काढली आणि गल्लीतली तीन लग्नं तिथे बसून जमवली, असं म्हणतात.

माणूस वयाबरोबर घरातल्या घरात उतरत यायचा. इमारत झाली आणि ते थांबलं. ज्याच्या नावावर जो मजला, तो त्याला कायमचा चिकटला. करारनाम्यात चटई क्षेत्र लिहिलेलं असतं, चतु:सीमा लिहिलेल्या असतात. वय लिहिलेलं नसतं.

*

पुनर्विकास करा ना, असं मला सांगणारे कमीत कमी पन्नास लोक भेटले असतील. कोथरूडला मी राहतो तिथे चहाच्या टपरीवरही दुसरा विषय नसतो. जुनी इमारत पाडायची, बिल्डर नवी बांधून देतो, लिफ्ट, पार्किंग, वर थोडी जास्त जागा. चांगली गोष्ट आहे. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावी.

आमची इमारत शनिवारवाड्याच्या तटापासून 100 मीटरच्या आत आहे. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. 2010 साली स्मारकांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार स्मारकापासून 100 मीटर हा प्रतिबंधित भाग, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, तिथे परवानगी काढून. प्रतिबंधित भागात 16 जून 1992 च्या आधीची इमारत असेल तर तिची दुरुस्ती किंवा नूतनीकरण करता येतं, त्यासाठीही अर्ज करावा लागतो. एक बिल्डर आला होता. त्याने मोबाइलवर नकाशा उघडून अंतर मोजलं, चहा घेतला आणि गेला. चहा चांगला होता म्हणाला.

कायद्याशी माझं भांडण नाही. बुरुजाला खेटून बारा मजल्यांचा टॉवर उभा राहिलेला मलाही बघवणार नाही. पण ज्या वाड्याचे स्वतःचे मजले 1828 च्या आगीत गेले, त्याच्यामुळे आमचे मजले आहेत तसे राहिले, हे जरा गमतीचं आहे. आणि काकूच्या वयाला वाट बघणं परवडत नाही. आमच्याच आळीत 100 मीटरच्या बाहेरच्या एका इमारतीचं पुनर्विकासाचं बोलणं नऊ वर्षं चाललं आहे. बोलणं सुरू झालं तेव्हा सभेला येणाऱ्यांपैकी चौघं आता फोटोत आहेत.

मग बाहेरून लिफ्ट? जिन्याच्या भिंतीला लागून लोखंडी सांगाडा, त्याला काच, आत छोटी लिफ्ट. पेठांत अलीकडे अशा बऱ्याच दिसतात. सदाशिव पेठेत मेहुण्याच्या इमारतीत एक बसवली आहे, ती बघून आलो. झकास आहे. पण एक गोष्ट फोटोत कळत नाही. जुन्या इमारतीत बाहेरच्या भिंतीकडे असतं ते जिन्याचं मधलं वळण. मजला असतो आतल्या बाजूला. त्यामुळे लिफ्ट थांबते अर्ध्या मजल्यावर. दार उघडून बाहेर आलात की वर जायला आठ-नऊ पायऱ्या, नाहीतर खाली यायला आठ-नऊ पायऱ्या. ज्याला दम लागतो त्याचं काम झालं. ज्याला पायरीच चढता येत नाही तो लाखो रुपये खर्चून पुन्हा पायरीसमोरच येऊन उभा. शिवाय ती लिफ्ट चार माणसांची, 272 किलोची. व्हीलचेअर आणि ती ढकलणारा माणूस सहज मावायचा तर डबा निदान दोन मीटर बाय एक मीटर दहा सेंटिमीटर हवा आणि दार 90 सेंटिमीटर. तेवढी जागा मेहुण्याकडे नाही. आमच्याकडे तर प्रश्नच मिटला. कायद्याच्या व्याख्येत इमारतीला आडवी किंवा उभी जोड देणं म्हणजे बांधकाम, दुरुस्ती नव्हे. सांगाडा ही आडवी जोड.

"मग काय, मी आता एकदाच उतरायची," काकू म्हणाली. तिला असं बोलून समोरच्याचा चेहरा बघायला आवडतं.

*

तोडगा काढला नांदेडच्या मुलाने. तो वर काकूकडे पेपर वाचायला येई. एकदा त्याची उजळणी चालली होती आणि तो काकूला ऐकवत होता: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस. काकूने विचारलं, "त्यात म्हातारपण कितवं?" त्याने खरोखर बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "ते नाही, काकू." आणि थोडा वेळ गप्प बसून, "आपण अदलाबदल करू की. आम्ही वर येतो, तुम्ही खाली जा. आम्हाला काय, कुठं बी अभ्यासच करायचाय."

मी हसलो. मग रात्री झोप लागेना, कारण त्यात चूक सापडेना.

तळमजल्याचा मालक सिंहगड रस्त्याला राहतो. त्याला महिन्याचं भाडं हवं, भाडेकरू कोण याचं सोयरसुतक नाही. दोन करार करायचे. मुलं काकूची भाडेकरू, काकू त्या मालकाची भाडेकरू, दोन्ही करार 11 महिन्यांचे, दोन्ही नोंदवलेले. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला भाडं कमी, तळमजल्याला जास्त. फरक महिना दीड हजाराचा, तो मी भरायचा. दोन्ही घरं काकूची की एकही नाही, हा तिचा पहिला प्रश्न.

"माझं हक्काचं घर असताना ब्याऐंशीव्या वर्षी मी भाडेकरू?"

"कागदावर गं."

"वाड्यातही आम्ही कागदावरच भाडेकरू होतो."

तीन आठवडे ती या विषयावर बोलली नाही. मग एका रविवारी मला म्हणाली की पितळी डबे मुलांना वापरायला ठेवायचे नाहीत. तेव्हा समजलं की जमलं.

*

तळमजल्याचं घर माणसाला राहण्याजोगं करणं हे वेगळंच प्रकरण होतं. मुलांना चाललं होतं, मुलांना काहीही चालतं. एकाच अर्जात सगळी दुरुस्ती लिहिली, नकाशा आणि फोटो जोडले, आणि परवानगीचा कागद हातात आल्यावरच कामाला हात घातला.

पहिल्यांदा बाथरूम. मिस्त्रीने दार बघितलं आणि म्हणाला, "हे आत उघडतंय." मी म्हटलं, सगळीकडे आतच उघडतं. तो म्हणाला, "आजी आत पडल्या तर दारावरच पडणार. मग बाहेरून दार ढकलणार कसं? आजींना ढकलून?" पन्नास वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. दार आता बाहेर उघडतं, कडी अशी आहे की बाहेरून नाण्याने फिरवता येते. सव्वादोन फुटांची चौकट होती, ती तीन फुटांची केली. मोरीचा काठ फोडून जमीन सपाट केली, पाण्याला उतार जाळीकडे. कमोडशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा. दांड्यासाठी भिंत ठोकली तर चार इंची, निम्मी पोकळ. मिस्त्रीने आधी तेवढा भाग सिमेंटने भरून घेतला. "दांडा मजबूत असून भागत नाही साहेब, भिंत मजबूत लागते," असं म्हणाला. हा माणूस सातवी शिकलेला आहे आणि काकूच्या अडचणींचा इतका विचार मी भेटलेल्या एकाही शिकल्यासवरलेल्या सल्लागाराने केला नव्हता.

मग उंबरा. दोन इंच उंच, घासून गुळगुळीत झालेला. पाय घासत चालणाऱ्याला दोन इंच म्हणजे पर्वती. मी म्हटलं काढून टाकू. काकू एकदम ताठ झाली. "उंबरा काढतोस? मग लक्ष्मी ओलांडणार काय? आणि मी रांगोळी कशावर काढू?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, मिस्त्रीही तिच्या बाजूचा. शेवटी कडप्प्याची पट्टी दोन्ही बाजूंनी तासून जमिनीशी मिळवली. उंबरा आहे, रंगाने दिसतो, हळदीकुंकू त्यावर वाहता येतं. पायाला मात्र लागत नाही.

खरी लढाई झाली रॅम्पवरून. दाराशी दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, त्याहून कमी केला तर खुर्ची ढकलणाऱ्याची छाती भरते आणि उतरताना खुर्ची त्याच्या हातातून सुटते. बारा फूट भिंतीलगत म्हणजे चार स्कूटरची जागा. पुण्यात माणूस एक वेळ किडनी देईल, पण पार्किंग देणार नाही. बैठकीला बाराही बिऱ्हाडांतून लोक आले, असं आमच्याकडे दहीहंडीच्या वर्गणीलाही होत नाही. एक जण म्हणाले, एका व्यक्तीसाठी चार गाड्या बाहेर? त्यावर पहिल्या मजल्यावरची सून, सातवा महिना चालू होता तिला, एवढंच म्हणाली की काका, मला पण चालेल तो उतार. बाबागाडी मी उचलून नेणार आहे का? मग गॅस सिलिंडरवाल्याचा विषय निघाला. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास, तो दाराशी दोन पायऱ्यांवर रोज दहा वेळा कंबर मोडतो. मग कुणाचा तरी नातू फुटबॉल खेळताना पाय मोडून घेऊन आला होता, ते आठवलं. रॅम्प एका व्यक्तीसाठी होता, तो दहा मिनिटांत सात-आठ जणांचा झाला. तीन स्कूटर कशाबशा मावल्या. चौथी कुणाची बाहेर गेली हे विचारू नका, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावला, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या सरांना झटक्यानंतर डावा हात उचलता येत नाही आणि जुना कठडा उतरताना डावीकडे येतो. म्हणजे चढताना त्यांना आधार, उतरताना भिंत. नवा पाइप दीड इंची, मुठीत बसेल असा, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर जास्त नेला. पायऱ्या संपल्या असं वाटून माणूस पडतो तो त्याच शेवटच्या पायरीवर. सगळा खर्च बारा घरांत वाटला गेला. आकडा सांगत नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी आला.

*

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तळमजल्यावर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. बुरूज दिसत नाही, दिसते समोरची भिंत आणि तिच्यावर "येथे गाड्या लावू नयेत, हवा सोडली जाईल" ही पाटी. सकाळी कुणी स्कूटर सुरू केली की धूर थेट देवघरात. पहिल्या महिन्यात काकू दोनदा म्हणाली की वर होते ते बरं होतं, निदान आकाश होतं. मी काही बोललो नाही. ती खरंच बोलत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी परवा जिन्यात मला थांबवलं. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. "माझी पाळी कधी?" त्यांनी हसत विचारलं, पण थांबून उत्तराची वाट बघितली. तळमजल्यावर आता राहण्याजोगी एकच जागा उरली आहे, तिथे खोक्यांचं गोडाऊन आहे. त्या मालकाशी बोलणं काढायचं आहे. बारा घरांत साठीच्या पुढचे नऊ जण आणि तळमजले दोन. हे गणित सुटणारं नाही, मला माहीत आहे. 

थंडीत काकूला व्हीलचेअरवरून मेट्रो दाखवायला नेलं. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, मधे मंडईचं स्टेशन. रस्त्यावरून लिफ्टमध्ये शिरलो, दार मिटलं, आणि भाजीच्या मंडईच्या पोटात कितीतरी खाली आम्ही अलगद उतरलो. काकू चकचकीत फरशीकडे बघत म्हणाली, "जमिनीखाली जायची एवढी सोय केली आहे. वर जायचंच कुणाला सुचत नाही."

वरच्या गॅलरीतल्या कडीला काकूची टोपली होती. दोन वर्षं तिने त्या टोपलीतून संसार केला होता. सकाळी दोरीने टोपली खाली सोडायची, त्यात पैसे, भाजीवाली मेथीची जुडी ठेवायची आणि दोरीला दोन हिसके द्यायची. मग वर ओढायची. सामान हलवताना टोपली वरच राहिली. यंदा गणपतीत मुलांनी ती शोधून काढली.

मी काकूकडे बसलो होतो. खिडकीच्या गजांबाहेर टोपली येऊन थांबली. आत रिकामा डबा. काकूने उठून, भिंतीच्या दांड्याला धरत, डब्यात अकरा मोदक भरले, वर तुपाची वाटी ठेवली, गजांतून हात घालून टोपली सारखी केली आणि दोरीला दोन हिसके दिले.

काहीच झालं नाही. टोपली खिडकीसमोर लोंबकळत राहिली, वाऱ्याने अर्धी फिरली. वरून कुणाचा तरी फोनवर बोलल्याचा आवाज येत होता.

काकूने गजांना नाक लावलं. "ओढ रे मेल्या! मुंग्या लागतील!"